चार बोटं टेप

९ फेब्रुवारी

चि. उचापत्यास,

आशीर्वाद शेवटी देते, तोवर शिल्लक राहिले तर.

फोनवर तू पाच मिनिटांत "ताई, रेकॉर्डिंग सुरू होतंय" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते आहे. निदान पत्राला तरी मधेच "बरं, बरं" म्हणता येत नाही.

सोबतच्या खोक्यात बाबांची एक वीट आहे. बाबा सगळ्या कार्ट्रिजना विटाच म्हणायचे, आठवतं ना? गाडीच्या टेपात खुपसायची ती जाडजूड डबी. आत एकच रीळ आणि टेपची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे ती नुसती फिरत राहते. बाबांचं टेपदुरुस्तीचं दुकान मोडलं तेव्हा बाकीच्या विटा भंगारात गेल्या. ही मी काढून ठेवली, कारण हिच्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलंय, "हिचा आवाज. माइकची चाचणी." माइक तपासायला त्यांना घरातला सर्वांत मोठा आवाज हवा होता, आणि तो कुणाचा होता हे काही तुला सांगायला नको.

आई झटक्यानंतर अजून एक शब्दही बोललेली नाही. हात थोडा हलतो, काठीने मोरीपर्यंत जाते, पण तोंडातून नुसती हवा. तिला बोलणं शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणतात, जन्मभर जी वाक्यं जिभेवर घोळलेली असतात ती आधी परत येतात, तिचंच बोलणं तिला पुन्हा पुन्हा ऐकवा. आणि लवकर ऐकवा, कारण सुरुवातीचे महिने काय ते खरे, पुढे जीभ सुस्तावते.

मी वीट बाबांच्या यंत्रात घातली तर दोन वळसे फिरून कर्रकन आवाज झाला आणि टेप आत गडप. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने जाड पेचकस आणून फटीत घातला, तेव्हा मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली. तू उघड. बाबांसारखी उघड. आणि लवकर पाठव. लवकर म्हणजे माझं लवकर, तुझं नव्हे.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला उचापत्या म्हणणं आता पुरे.

वीट उघडली. बाबांच्याच पद्धतीने: खालच्या फटीतून पातळ पातं सरकवायचं, आतल्या खिट्या एकेक करून दाबायच्या, आणि घाई केली की बाबा हातावर फूटपट्टी मारायचे ती आठवायची. तीन खिट्या सुटल्या, चौथी मोडली. आत आनंदच आहे. रबरी चाकाचं डांबर झालंय, ते बोटांना लागलं की साबणाने जात नाही. टेपमागचा स्पंज म्हणजे नुसता भुगा. जोडावर चांदीसारखी एक पट्टी असते, ती यंत्राला लागली की यंत्र खटकन पुढच्या मार्गिकेवर उडी मारतं. त्या पट्टीचा डिंक वाळला, जोड सुटला, आणि सुटलेलं टोक टेपच्या वेटोळ्यात शिरून बसलं.

मार्गिका म्हणजे टेपवरचे आवाजाचे शेजारी-शेजारी पट्टे, ते चार असतात. बाबांनी पहिलीवरच भरलंय, बाकी तीन कोऱ्या दिसतात.

स्पंज आणि चाक दुसऱ्या मेलेल्या विटेतून काढून बसवावं लागेल. जुनं यंत्रही एकाकडून मागून आणलंय. हे सगळं नोकरी सांभाळून होणार आहे. धीर धर.

तुझा भाऊ


२३ मार्च

श्री. धीरवाले यांस,

महिना झाला. धीर धरून हाताला घट्टे पडले.

फोन केला तर तू म्हणतोस, "होतंय, टेप नाजूक आहे." टेप नाजूक आहे आणि आई काय पोलादाची आहे? बाई रोज येतात, कप दाखवतात, चमचा दाखवतात, आरसा दाखवतात. आई त्यांच्याकडे बघते. पूर्वी असल्या पोरखेळासाठी कुणी घरात आलं असतं तर आईने चपला घालू न देता पळवून लावलं असतं. आता मान खाली घालून बसते. परवा बाई जाताना म्हणाल्या, फार ताणू नका, काहींचं येतं, काहींचं नाही येत. असं त्या पहिल्यांदाच म्हणाल्या.

तुला वाटत असेल मी उगाच त्रागा करते. कर विचार. तुझ्या स्टुडिओत कुणाकुणाचे आवाज दिवसभर घासूनपुसून काढतोस, त्या सगळ्यांना रांगेत उभं कर आणि आईला पुढे घे. एवढंही होत नसेल तर वीट तशीच परत पाठव, मी दातांनी जोडते.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,

दात राहू देत. वीट सोबत आहे, आणि मी सांगतो, मन लावून केलंय.

नवं चाक, नवा स्पंज, नवा जोड, नवी पट्टी. टेप साफ केली आणि नको ते काढून टाकलं. आमच्या कामात हेच करतात, खोकला, खडखड, खुर्चीची करकर, मधली बडबड, सगळं उडवायचं आणि राहील ते सुंदर ठेवायचं. आईचं इस्त्री करताना गुणगुणणं किती गोड आहे ग! आणि सुरुवातीला ती माइकसमोर "नमस्कार, एक, दोन, तीन, माझा आवाज येतोय का?" म्हणते ते ऐकून तर मला हसूच आलं. तेवढं मी कॉम्प्युटरवरही घेऊन ठेवलंय.

तिला शांतपणे ऐकव. झालं ना आता समाधान?

तुझा भाऊ


११ एप्रिल

महाशय,

ओरडणं कुठे आहे?

तुझं ते गोड गुणगुणणं मी सात-आठ दिवस ऐकवलं. आईने पहिल्या दिवशी यंत्राकडे पाहिलं, चांगल्या हाताने मांडीवरची चादर सारखी केली आणि सावरून बसली, पाहुणे आल्यावर बसायची तशी. पाहुणी बाईच बोलत होती ना आत! "माझा आवाज येतोय का?" असं आई आयुष्यात कुणाला विचारत होती? तिचा आवाज येतोय का हे गल्लीच्या टोकाचा केस कापणारा सांगायचा. तिसऱ्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर वीट यंत्रात घातली की डोळे मिटून घेते.

त्या टेपवर ओरडणं होतं. मी तिथेच होते, मला चांगलं आठवतं. आई छान छान बोलून उठली, आतल्या खोलीत गेली आणि तू गिऱ्हाइकाची वीट उघडून टेप घरभर पसरलेली तिला दिसली. बाबांनी यंत्र बंद केलं नाही, तोंडावर हात धरून हसत बसले होते. ते सगळं आत होतं. ते कुठे गेलं?

बाईंनी काय सांगितलं होतं, जन्मभर जिभेवर घोळलेलं! तिच्या जिभेवर काय घोळलं होतं, नमस्कार?

उत्तर ताबडतोब हवं.

ताई


१८ एप्रिल

ताई,

कापलं. मी कापलं. हवं होतं ना उत्तर?

तुला हे काम माहीत नाही म्हणून सांगतो. यंत्राचं आवाज उचलणारं डोकं टेपशी जुळवायला तोच भाग फिरून फिरून वाजवावा लागतो. एक स्क्रू केसभर फिरवायचा आणि ऐकायचं, पुन्हा फिरवायचा आणि पुन्हा ऐकायचं. आणि विटेत मागे नेता येत नाही, ती पुढे जाऊन आपणहून परत येते. मी वाकून बसलोय, आणि दर काही मिनिटांनी आई येऊन मला कार्टं म्हणतेय, घरबुडव्या म्हणतेय, याच्या हाताला कुत्रं चावो म्हणतेय. दाराच्या फटीतून माझ्या हाताखालची मुलगी हसत होती. पोटात तोच गोळा आला जो शाळेतून घरी येताना जिन्यावर यायचा.

मी घर का सोडलं हे तू कधी विचारलंस? नोकरीसाठी नव्हे. त्या आवाजाच्या टापूतून बाहेर पडायला. तुला ती आई वाटते, मला ती खडखड वाटते, आणि खडखड मी कापतो. कापलेला तुकडा कचऱ्यात गेला. कॉम्प्युटरवर घेतला नाही, कारण मला तो कुठेच नको होता. आईला गोड आवाजात बोलता येत होतं याचा पुरावा मी तुला पाठवला. तो आवाज तिने आपल्यासाठी कधी वापरला नाही, यात माझा काय दोष?

विषय संपला.


२४ एप्रिल

विषय तुझ्या बापाचा आहे का संपायला? आहे म्हणा, पण माझ्याही.

कचऱ्यात! बाबा सुटलेला वीतभर तुकडासुद्धा पुड्यात घालून, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहून ठेवायचे. कुणाच्या लग्नातलं हसणं असेल, म्हणायचे. आणि तू आईला कचऱ्यात टाकलंस.

तू आवाजापासून पळालास. शहाणा आहेस. आता मला सांग, मी कुठे पळू? या घरात आता आवाज नाही. भांडं पडलं तर कुणी "हात मोडले का" म्हणत नाही. मी उशिरा उठले, वेड्यासारखे कपडे घातले, कुणी काही म्हणत नाही. परवा मी मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं, आईच्या डोळ्यांसमोर, आणि वाट बघत उभी राहिले. तिने तोंड उघडलं. मान ताठ झाली, मनगटावरची शीर फुगली, आणि काही म्हणजे काही आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला इतका संताप आला की मीच तिच्यावर ओरडले, "बोल ना ग! एकदा तरी ओरड!" तिने हात डोक्यावर घेतला. ती मला घाबरली. आईला कुणाला घाबरताना तू कधी पाहिलंयस?

तुझ्यावर ओरडली तशी ती माझ्यावर ओरडली नाही असं वाटतं तुला? दुप्पट ओरडली. मुलगी होते. मलाही तो गोळा यायचा. तरी मला तोच आवाज हवा आहे, कारण मला दुसरी आई नाही, आणि तिलाही दुसरी जीभ नाही. गोड जीभ तिने उसनी आणलेली होती, ती तिला ओळखता आली नाही.

बाई आता आठवड्यातून दोनदाच येतात. मला तुझं पत्र नको, फोन नको. तुझ्या स्वच्छ घरात स्वच्छ राहा.


१९ मे

ताई,

पत्र नको म्हणालीस, म्हणून हा कागद विटेबरोबरची सूचना समज.

तुकडा कचऱ्यात टाकला नव्हता. टाकला म्हणून लिहिलं ते तुला लागावं म्हणून. तो कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर लटकत होता, आणि मी रोज तिकडे पाठ करून बसत होतो.

सूचना एक. ही दुसरी वीट आहे, जुन्या रिकाम्या डबीत तो तुकडा भरून केलेली. हिच्यात गुणगुणणं नाही, नमस्कार नाही. फक्त ओरडणं आहे, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, आणि शेवट सुरुवातीला जोडलाय. चांदीची पट्टी मी लावलीच नाही, म्हणजे यंत्र उडी मारणार नाही, त्याच मार्गिकेवर तेच तेच फिरत राहील, तू वायर उपटेपर्यंत. हवा होता ना तुला आवाज? घे. पोटभर ऐक. शेजाऱ्यांनाही ऐकव.

सूचना दोन. शेवटची चार बोटं टेप गेली. भिंतीला लावताना मी साधी चिकटपट्टी वापरली. हो, साधी. बाबा असते तर कानाखाली वाजली असती. पोरसवदा शिकाऊसुद्धा टेपला ती लावत नाही. ओढून काढली तर टेपवरचा तपकिरी थर तिच्याबरोबर निघून आला, आणि आवाज त्या थरातच असतो. तेवढं टोक कापून त्या जागी कोरी टेप जोडावी लागली. चार बोटं म्हणजे फार तर एक शब्द. अगदी शेवटी ती म्हणते ना, "आता ये जेवायला," त्याच्या पुढचा. जेवायला बोलावलं होतं हे मी विसरलो होतो. तुला आठवत होतं का?

तिथे क्षणभर कोरं आहे. त्यावरूनही तुला आकांडतांडव करायचं असेल तर वीट परत पाठव. तोच शब्द तिने याच टेपवर त्याआधी दोनदा म्हटलाय, त्यातला एक उचलून तिथे बसवता येईल. कुणाच्या कानाला कळणार नाही. माझं कामच ते आहे.


३ जून

चि. उचापत्यास,

वीट आली तेव्हा खोकं न उघडता परत धाडणार होते. मग म्हटलं, तुझा राग तरी बघू केवढा आहे.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. तिने बाबांचं यंत्र पाहून आधीच डोळे मिटले. मी वीट आत ढकलली.

"काय केलंस हे? काय केलंस हे, मेल्या? सगळी आतडी बाहेर काढलीस तिची!" आईचे डोळे खाडकन उघडले. "घरबुडव्या कार्ट्या, गिऱ्हाईक काय तुझा मामा लागतो? याच्या हाताला कुत्रं चावो! गुंडाळ. रडायचं नाही, एकेक वळसा गुंडाळ! मी बघते इथे उभी राहून. हं. तशी नाही, मेल्या, हळू. झाली? हात धू. आणि आता ये जेवायला..." मग तुझं ते कोरं, आणि लगेच "काय केलंस हे?"

पहिल्या फेऱ्याला तिने दाराकडे पाहिलं. पुढे यंत्राकडेच बघायला लागली, आणि चेहरा लाल व्हायला लागला. मला वाटलं त्रास होतोय, मी उठले, तर तिने काठी आडवी धरून मला बसवलं. फेरे किती झाले ते मोजले नाहीत. मला दिसत होतं ते एवढंच, की दर वेळी "ये जेवायला" झालं की तिची मान पुढे यायची, आणि यंत्र तो शब्द गिळून टाकायचं, आणि ती पुन्हा चिडायची. आपलं वाक्य कुणी तोडलेलं तिला कधी खपलंय? शेवटी यंत्र म्हणालं, "आणि आता ये जेवायला," आणि त्या कोऱ्या जागेत आई म्हणाली, "मेल्या!"

तोंड वाकडं, आवाज घोगरा, पण शब्द आख्खा. प्रेमाने वगैरे नव्हे हं, चांगली खवळून. मी वायर उपटली तर माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली. मी रडायला लागले तर त्याबद्दल आणखी एकदा म्हणाली.

आता रोज चालू आहे. दर फेऱ्याला त्या जागी बरोबर येते, एकदाही चुकत नाही. बाईंनी कप दाखवला, त्याला मेल्या म्हणाली. चमच्याला म्हणाली. बाईंना म्हणाली, आणि बाई टाळ्या वाजवत होत्या. त्या आता पुन्हा रोज यायला लागल्यात. काल दूध उतू गेलं, खरंच गेलं, मुद्दाम नव्हे, तर स्वयंपाकघरात काठी आपटत आली आणि "हळू, मेल्या" असं दोन शब्दांचं वाक्य माझ्या अंगावर फेकलं. इतकं बरं वाटलं मला.

तेव्हा तुझं कसब तुझ्याजवळ ठेव. ती चार बोटं कुणी जोडायची नाहीत. कुठून तरी शब्द उचलून तिथे बसवलास तर तुझे हात मी मोडीन. ती जागा आईची आहे.

माझा राग गेलेला नाही. तिकडे पाठ करून बसलास ते दिवस मी विसरणार नाही, आणि त्यांचा हिशेब समोरासमोर होईल. मला आठवत होतं का म्हणून विचारलंस. हो, आठवत होतं. तू रुसून बसला होतास, आणि तुझं ताट वाढून ती कितीतरी वेळ पुढ्यात घेऊन बसली होती, स्वतः न जेवता.

आशीर्वाद थोडे शिल्लक आहेत, ते देते. सुट्टी काढून ये. आलास की तिच्यासमोर बसवून वीट लावीन. "ये जेवायला" झालं की तोंड मिटून थांब. पुढचं ती तुझ्याकडे बघून म्हणेल.

ताई